अण्णांची रात्रपाळी

गेल्या कोजागिरीला आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात एक गंमत झाली होती. तिथे असलेल्यांपैकी काही जणांना ती आठवत असेल. दूध अजून आटतच होतं, अंताक्षरी रंगात आली होती आणि साडेदहाच्या सुमारास माझे वडील उठून चपला शोधायला लागले. कुणीतरी मागून हाक मारली, "अण्णा, आज कोण झोपतं का? लक्ष्मी विचारत येते, कोण जागं आहे म्हणून!" अण्णा म्हणाले, "तिला सांगा, मी चाळीस वर्षं जागा होतो. आता माझी झोपायची वेळ झाली."

सगळे हसले. आई तेवढी हसली नाही. तिने माझा हात घट्ट धरला आणि आम्ही दोघी चंद्राकडे बघत बसलो.

त्या वाक्याच्या मागची गोष्ट आज लिहितेय. अण्णांना विचारून लिहितेय. त्यांनी मसुदा वाचला, दोन ठिकाणी पेनने खोडलं आणि खाली लिहिलं, "बाकी ठीक. छापा."

अण्णा मूळचे सातारा जिल्ह्यातले. आमच्या भागात फौज ही काही विशेष गोष्ट नाही. अपशिंगे गावाचं नावच 'अपशिंगे मिलिटरी' आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले, असं तिथला स्मृतिस्तंभ सांगतो. आमचं गाव तेवढं नावाजलेलं नाही, पण दर दोन-तीन घरांमागे भिंतीवर एक गणवेशातला फोटो असतोच. अण्णा १९८१ साली भरती झाले, बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये ट्रेनिंग झालं, आणि २००५ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. तेव्हा त्यांचं वय होतं त्रेचाळीस. आपल्याकडे निवृत्त माणूस म्हटलं की बागेत फिरणारे आजोबा डोळ्यासमोर येतात. पण साधा जवान बहुतेक वेळा पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान घरी येतो. मुलं शाळेत असतात, घराचं कर्ज असतं, आणि पुढचं सगळं आयुष्य बाकी असतं.

मग तो काय करतो? आपल्या सिल्वासात हे सांगायची गरज नाही. पिपरिया, आमली, मसाट, नरोली, कुठल्याही फॅक्टरीच्या गेटवर बघा. मिशा नीट, बूट चकचकीत, गाडीचा नंबर वहीत वळणदार अक्षरात लिहिणारा माणूस दिसला तर तो 'एक्स-सर्व्हिसमन' आहे हे ओळखायला वेळ लागत नाही. अण्णाही एका यार्नच्या फॅक्टरीत सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून आले. आम्ही किलवणी नाक्याजवळ भाड्याने राहायला लागलो. मी आणि माझा धाकटा भाऊ इथेच वाढलो.

अण्णांनी पहिल्या महिन्यापासून रात्रपाळी मागून घेतली. रात्री आठ ते सकाळी आठ. इतर लोक रात्रपाळी चुकवायला सबबी शोधायचे, त्यामुळे मॅनेजर खूश. आम्हीही कौतुकाने सांगायचो, "आमचे अण्णा सतरा वर्षं रात्रपाळीच करतात." दिवसा घरी आले की ते आंघोळ करून पडायचे, पण कुकरची शिटी झाली, खाली स्कूटर सुरू झाली की उठून बसायचे. आम्ही म्हणायचो, रात्रपाळीमुळे झोप बिघडली बिचाऱ्यांची.

खरी गोष्ट उलटी होती. रात्रपाळीमुळे झोप गेली नव्हती. झोप येत नव्हती म्हणून त्यांनी रात्रपाळी घेतली होती. अंधारात अंथरुणावर पडून राहण्यापेक्षा गेटवर उभं राहणं त्यांना सोपं वाटायचं. हे मला कळायला सतरा वर्षं लागली. मी बीई झालेली, बग शोधून काढण्याचा पगार घेणारी मुलगी, आणि घरातलं हे कारण आणि परिणाम मी उलटं वाचत होते.

२०२२ च्या जुलैमध्ये कंपनीने वयाचं कारण सांगून त्यांना थांबवलं. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. आम्ही आनंदात होतो, आता अण्णा आराम करतील म्हणून. माझं लग्न सिल्वासातच झालंय, सासर दोन गल्ल्या सोडून. नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण काम घरून. त्यामुळे मी रोज माहेरी डोकवायचे. महिन्याभरात आई कुजबुजायला लागली, "हे रात्रभर घरात फिरतात गं. दरवाजाची कडी बघतात, गॅस बघतात, परत कडी बघतात."

गुजरातेत दारूबंदी आणि आपल्याकडे नाही, हे आपल्या गावाचं वैशिष्ट्य सगळ्यांना ठाऊक आहे. अण्णांना कॅंटीनची रमही मिळायची. आधी महिन्यातून एक-दोनदा असलेलं प्रमाण रोज दोन पेगवर आलं. "झोप लागायला बरं पडतं," म्हणायचे. लागायचीही. दोन तासांनी पुन्हा जाग. दारू डोळा लवकर मिटवते पण मधली आणि उत्तररात्रीची झोप तोडते, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

त्या दिवाळीत भाऊ बेंगळुरूहून आला होता. अण्णांनी भाऊबीजेला आपलं घड्याळ काढून त्याच्या हातात बांधलं. फौजेत असल्यापासूनचं घड्याळ. आम्ही फोटो काढले. मग डिसेंबरात त्यांनी आईला समोर बसवून पेन्शनचे कागद समजावले. पीपीओ कुठे आहे, फॅमिली पेन्शनसाठी कुठे जायचं, ईसीएचएसचं कार्ड कुठल्या पाकिटात. मला वाटलं, काय व्यवस्थित माणूस आहे! मी तर त्या सगळ्या कागदांचं स्कॅनिंगही करून दिलं.

जानेवारीतल्या एका रात्री माझा रिलीज होता. अमेरिकेतल्या ग्राहकासोबत पहाटे साडेतीनपर्यंत जागी होते. सहज म्हणून बाल्कनीत आले आणि अण्णांना व्हॉट्सॲपवर ऑनलाइन पाहिलं. फोन केला.

"झोपला नाहीत अण्णा?"

"ड्यूटी चालू आहे," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "एकच आहे, ह्या ड्यूटीला रिलीव्ह करायला कुणी येत नाही."

मी "काय हो अण्णा" म्हणून हसले आणि फोन ठेवला. अंथरुणात पडल्यावर घड्याळ आठवलं. मग पीपीओ आठवला. मग मला झोप लागली नाही.

सकाळी मी गेले. आईला भाजी आणायला पाठवलं. चहाचा कप हातात घेऊन मी तीन वेळा विषय काढला आणि तीन वेळा हवापाण्यावर आणला. शेवटी विचारलं, सरळ विचारलं, "अण्णा, तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?"

आपल्या घरांमध्ये हा प्रश्न विचारत नाहीत. 'नको ते मनात भरवलं' असं होईल, अशी भीती असते. मलाही होती. नंतर कळलं की विचारल्याने तो विचार माणसाच्या डोक्यात जात नाही. उलट एकट्याने ओढत असलेलं ओझं खाली ठेवायला जागा मिळते. अण्णा रागावले नाहीत. कपातल्या सायीकडे बघत म्हणाले, "दिवसा नाही येत. रात्री तीनला येतो."

तीन वाजता घरात सगळे झोपलेले असतात. फोन करायला कुणी नसतं. शरीर थकलेलं, डोकं मात्र चालू. दिवसा जी अडचण दोन वाक्यांत सुटते ती तीन वाजता डोंगराएवढी दिसते, आणि 'आपण सगळ्यांना भार झालो' हे वाक्य दिवसा खोटं वाटतं ते तेव्हा खरं वाटायला लागतं. असं रोज होत राहिलं की माणूस फक्त झोपच नाही, आशाही गमावत जातो. अण्णांना मरायचं होतं असं मला आजही वाटत नाही. त्यांना ती तीनची वेळ संपायला हवी होती.

पहिला डॉक्टर आम्ही घाईत गाठला. नाव लिहीत नाही. पाच मिनिटांत झोपेच्या गोळ्या लिहून मिळाल्या. रात्री काही घेता का, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. गोळी आणि रम एकत्र घेणं किती धोक्याचं असतं ते आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. अण्णा बाथरूममध्ये पडले, कपाळाला तीन टाके पडले. गोळ्या वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. योग्य माणसाला, योग्य काळासाठी, देखरेखीखाली त्या लागतात. पण आमच्या बाबतीत प्रश्नच विचारले गेले नव्हते.

मग एका मैत्रिणीकडून पुण्याच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंचा पत्ता मिळाला. पहिल्यांदा प्रत्यक्ष गेलो, नंतर व्हिडिओवर. त्यांनी अण्णांना तासभर ऐकलं. मग मला आणि आईला आत बोलावून पहिला प्रश्न विचारला, "घरात हत्यार आहे?"

होतं. सिक्युरिटीच्या कामासाठी अण्णांनी बंदुकीचा परवाना काढला होता. नोकरी गेली तरी बंदूक कपाटातच होती. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "हवालदारसाहेब, हत्यार कोतमध्ये जमा करायचं असतं ना?" अण्णा क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "जी." त्याच आठवड्यात ती परवानाधारक दुकानात रीतसर जमा झाली. कोत म्हणजे पलटणीतली शस्त्रं ठेवायची खोली. मुलीने सांगितलं असतं तर अण्णांचा अपमान झाला असता. त्यांच्याच भाषेत सांगितलं म्हणून ती शिस्त झाली. वाईट विचारांची लाट बऱ्याचदा काही वेळात ओसरते. त्या वेळात हाताशी धोकादायक काही नसणं, एवढ्याने माणूस वाचू शकतो.

मग त्यांनी दारू, घोरणं, थायरॉइड, साखर, सगळं तपासलं. नैराश्यासाठी औषध सुरू केलं. आणि म्हणाल्या, "आता झोपेचं काम वेगळं करायचं. झोप परत आली की बाकी सगळं हलकं होईल."

माझा समज असा होता की नैराश्य हा आजार आणि निद्रानाश हे त्याचं लक्षण. मूळ बरं झालं की फांदी आपोआप सुकेल. डॉक्टरांनी समजावलं की असं नेहमी होत नाही. निद्रानाश सुरू व्हायला काहीतरी कारण असतं, पण तो टिकून राहतो तो आपण त्यावर केलेल्या उपायांमुळे. लवकर अंथरुणात जाणं, दुपारी भरपाई करणं, घड्याळ बघत पडून राहणं. कारण संपतं, सवय उरते. आठवड्यातून तीन रात्री, तीन महिन्यांहून जास्त काळ असं चाललं की तो जुनाट निद्रानाश, आणि त्यावर स्वतंत्र उपचार करायचा असतो.

त्या उपचाराचं नाव मोठं आहे, निद्रानाशासाठीची कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी. आमच्या घरात त्याला 'झोपेचं पीटी' म्हणतात. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली सांगितलं की प्रौढांच्या जुनाट निद्रानाशात गोळ्यांच्या आधी हा उपचार द्यावा. मी घरी येऊन वाचत बसले. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी स्वतंत्र सरकारी खातं आहे आणि त्यांनी ही थेरपी देशभर पोचवायचा कार्यक्रमच केलाय. त्यात उपचार घेतलेल्या ४०५ माजी सैनिकांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीला त्यांच्यातल्या सुमारे ३२ टक्के लोकांच्या मनात आत्महत्येचे विचार कमी-अधिक प्रमाणात होते. शेवटच्या सत्रापर्यंत ते प्रमाण २१ टक्क्यांवर आलं. निद्रानाश जितका कमी झाला, तितके ते विचार कमी झाल्याचं दिसलं. इंजिनीअर म्हणून मला लगेच दिसलं की तुलनेसाठी उपचार न घेतलेला दुसरा गट त्यात नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय झोपेलाच देता येणार नाही. पण ते आकडे वाचून मी त्या रात्री पहिल्यांदा शांत बसले. कारण झोप ही अशी गोष्ट आहे जिच्याबद्दल अण्णांशी बोलता येत होतं. 'तुम्हाला डिप्रेशन आहे' म्हटलं की ते पाठ फिरवायचे. 'झोप दुरुस्त करायची' म्हटलं की वही घेऊन बसायचे.

वही खरंच होती. पहिले दोन आठवडे फक्त नोंद. अंथरुणात किती वाजता गेलो, झोप अंदाजे किती वाजता लागली, किती वेळा जाग आली, शेवटी कधी उठलो, चहा किती, पेग किती. सतरा वर्षं गेटवरचं रजिस्टर भरलेल्या माणसाला हे काय अवघड! त्यांची एक नोंद मी जपून ठेवली आहे: "०२:१० जाग. कारण नाही. कुत्रा एक. ०४:०० पर्यंत जागा. सब ठीक."

मी ते एक्सेलमध्ये भरलं. रात्री साडेनऊ ते पहाटे साडेपाच, आठ तास अंथरुणात. त्यात झोप सरासरी चार तास वीस मिनिटं. म्हणजे ५४ टक्के. हा आकडा बघून डॉक्टरांनी जो उपाय सांगितला तो ऐकून आई उठूनच उभी राहिली. "आजपासून रात्री बारा ते साडेपाच. बाराच्या आधी अंथरुणाला पाठ लावायची नाही. दुपारी पडायचं नाही."

"अहो, झोप येत नाही म्हणून आलो तुमच्याकडे, आणि तुम्ही आहे ती पण कमी करताय?" आई म्हणाली.

युक्ती अशी की अंथरुणातला वेळ झोपेच्या जवळपास आणला की भूक साठते तशी झोप साठते, आणि जी मिळते ती सलग मिळते. ही पद्धत १९८७ पासून वापरात आहे. झोप अंथरुणातल्या वेळाच्या ८५ टक्क्यांपर्यंत पोचली की आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची. दुसरा नियम त्याहून जुना, १९७० च्या दशकातला. अंथरूण फक्त झोपेसाठी. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं. घड्याळ बघायचं नाही. उठायची वेळ मात्र रोज तीच, रविवार असो की गणपती.

हे वाचून कुणी आजच स्वतःवर प्रयोग करू नका. अण्णांची स्कूटर त्या काळात माझ्या नवऱ्याने ताब्यात घेतली होती, कारण सुरुवातीला दिवसा प्रचंड झोप येते. फिट्स येणाऱ्यांना, बायपोलर आजार असणाऱ्यांना ही पद्धत धोक्याची ठरू शकते. घोरताना श्वास अडकत असेल तर आधी त्याचा इलाज. म्हणून डॉक्टर सोबत हवेत.

पहिले दहा दिवस भयंकर गेले. रात्री दहापासून बारापर्यंत अण्णांना जागं ठेवणं ही घरातल्यांची ड्यूटी झाली. मी पत्ते घेऊन जायचे. नवरा त्यांना दमणगंगेच्या पुलापर्यंत चालायला न्यायचा. भाऊ बेंगळुरूहून व्हिडिओ कॉल लावून कॅरम शिकवतो म्हणायचा, जे अशक्य आहे, पण अर्धा तास जायचा. रम बंद करायला जास्त त्रास झाला. ती एकदम नाही, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू बंद केली. अकराव्या दिवशी वहीत नोंद होती: "००:१५ ते ०४:४०. मधे जाग नाही." खाली दोनदा रेघ.

थेरपीचा दुसरा भाग विचारांचा. फौजेत रात्रीचा पहारा असतो, दोन तास उभं राहायचं आणि मग दुसरा येतो. पहाटे आणि संध्याकाळी सगळी पोस्ट हत्यार घेऊन सज्ज असते, कारण हल्ला त्या वेळी होण्याची शक्यता जास्त. काश्मीरमध्ये ज्यांनी हे वर्षानुवर्षं केलं त्यांच्या शरीराने एक धडा घेतलेला असतो, अंधार म्हणजे सावध. तो धडा तिथे जीव वाचवतो. किलवणी नाक्याच्या टू-बीएचकेमध्ये तो माणसाला खातो. अण्णांची त्याच्या पलीकडचीही एक गोष्ट आहे. ती त्यांनी डॉक्टरांना सांगितली, मला नाही. मला एवढंच माहीत आहे की नव्वदच्या दशकातल्या एका रात्री त्यांचा पहारा संपला, ते झोपले, आणि त्यांच्या जागी उभा राहिलेला मित्र सकाळी नव्हता. तेव्हापासून झोपणं म्हणजे गुन्हा, असं काहीतरी आत बसलं होतं. इथे अण्णांनी मसुद्यात एक वाक्य खोडलं आहे. ते मी परत लिहीत नाही.

एका सत्रानंतर ते बाहेर येऊन मला म्हणाले, "डॉक्टरबाईंनी विचारलं, तुझ्या जागी तो झोपला असता आणि तू गेला असतास, तर तू त्याला जन्मभर जागं ठेवलं असतंस का?" पुढे काही बोलले नाहीत. आईने केलेली भाकरी त्या दिवशी तीन खाल्ल्या.

एप्रिलपर्यंत वेळ अकरा ते साडेपाच झाली. साडेसहा तासांत पाच तास चाळीस मिनिटं झोप, ८७ टक्के. निद्रानाशाची तीव्रता मोजायची एक प्रश्नावली असते, शून्य ते अठ्ठावीस गुणांची. जानेवारीत अण्णांचे बावीस होते, तीन महिन्यांनी नऊ. तिथे मात्र शून्य आले नाहीत आणि येणारही नाहीत कदाचित. फटाक्यांच्या रात्री अजून त्रास होतो. गेल्या मे महिन्यात गावाकडचा त्यांचा एक जुना साथीदार वारला, तेव्हा तीन आठवडे पुन्हा वही काढावी लागली. पण तीन वाजता काय होतं, असं मी दर महिन्याला विचारते आणि ते दर महिन्याला खरं उत्तर देतात. हल्ली उत्तर असतं, "काय माहीत, मी झोपलेला असतो."

आपलं मंडळ दर २ ऑगस्टला मुक्तिदिन साजरा करतं. १९५४ साली पुण्या-मुंबईहून आलेल्या तरुणांनी ही भूमी पोर्तुगीजांकडून सोडवली. राजाभाऊ वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही नावं आपल्याला पाठ आहेत. त्याच कार्यक्रमात माजी सैनिकांनाही उभं करून टाळ्या वाजवतो. टाळ्या छानच असतात. पण अण्णांना अठरा वर्षं टाळ्या मिळाल्या आणि 'झोप लागते का हो?' हे एकदाही कुणी विचारलं नाही. मीही नाही.

माझ्या वयाच्या वाचकांना म्हणून एवढंच सांगते. तुमच्या घरात, सोसायटीच्या गेटवर, गावाकडच्या वाड्यात कुणी माजी सैनिक असेल, पोलीस असेल, नाहीतर वर्षानुवर्षं रात्रपाळी केलेले काका असतील, तर त्यांना युद्धाच्या गोष्टी विचारण्याआधी झोपेचं विचारा. ह्या प्रश्नाला माणूस बिचकत नाही. उत्तरात "तीन वाजता" आलं, की पुढचा प्रश्नही विचारा. वस्तू वाटणं, कागद आवरणं, 'मी भार झालो' असं म्हणणं हे दिसलं तर स्कॅनिंग करत बसू नका, जवळ बसा. आणि डॉक्टरकडे सोबत जा.

रात्री तीनलाही उचलला जाणारा एक नंबर आहे, १४४१६. टेलि-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत याच सेवेचा वेगळा कक्ष सुरू झाला. अण्णांनी हा नंबर फ्रिजवर चिकटवलाय. फॅक्टरीतले त्यांचे जुने सहकारी, जे अजून गेटवर रात्र काढतात, त्यांना स्वतः जाऊन चिठ्ठ्या दिल्यात. त्यातल्या एकाला ते डॉक्टरकडे घेऊनही गेले. वही स्वतःच्या खर्चाने आणून दिली, वर शिस्तीत लिहून, 'झोपेचं रजिस्टर'.

कोजागिरीच्या रात्री कार्यक्रम संपायला एक वाजला. मी आईला सोडायला घरी गेले. अण्णांच्या वाट्याचं दूध डब्यात होतं. दरवाजा उघडला तर आत अंधार. कडी बघायला कुणी उठलं नाही. आतल्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता. आईने दूध फ्रिजमध्ये ठेवलं आणि हळूच म्हणाली, "सकाळी गरम करून देते. आत्ता उठवू नको गं."